इवाईंची पारख

अमेरिकेचा अध्यक्ष निवडून येण्याआधी त्याला ओळखणारा माणूस जगात एकच, आणि तो आमच्या रोहण्यात राहतो. ते माझे व्याही, इकडच्या बोलीत इवाई. माझी मुलगी त्यांच्या घरी दिली आहे. तीस वर्षं त्यांनी आर्वीच्या बैलबाजारात बैलांची पारख केली. पंचक्रोशीत कोणी त्यांना विचारल्याशिवाय जोडी घेत नसे. माणसंही ते तशीच पाहत. मुलगी पाहायला आले तेव्हा मुलीला त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. मला म्हणाले, "मास्तर, जरा फाटकापर्यंत जाऊन या." मी गेलो, आलो. त्यांनी माझे गुडघे न्याहाळले आणि चहाचा कप उचलून म्हणाले, "जमलं."

अमेरिकेच्या निवडणुकीचा नाद गावातल्या वाचनालयाला माझ्यामुळे लागला. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे तिकडच्या राजकारणावर बोलायचा हक्क गावानं मला देऊन टाकला होता. उमेदवारांची भाषणं टीव्हीवर लागली की मी भाषांतर करायचो आणि इवाई आल्या आल्या आवाज बंद करायचे. "दलालाचं आयकून बैल घेतला त तो वावरात बसते," असं त्यांचं म्हणणं. मग स्टूल अगदी पडद्याला लावून बसत आणि उमेदवाराच्या नडगीवर बोट ठेवून पाहत. उमेदवार विमानाच्या पायऱ्या उतरताना दिसला की त्यांना परमानंद होई. तक्रार एकच, "मागून काऊन नाई दाखवत हे लोक?" महामारीच्या वर्षी तर एक उमेदवार तोंड झाकूनच फिरायचा. इवाई हळहळले, "तोंडाले फडकं बांधलं, आता दात कसे पाह्यचे?"

त्याच वर्षीची गोष्ट मला सांगायची आहे. निकालाआधी प्रत्येकानं आपला अंदाज नावासकट चिठ्ठीवर लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायचा, असं ठरलं होतं. खुर्चीवर बसलेला अध्यक्ष हरत नसतो, असं तासभर व्याख्यान मी दिलं आणि सगळ्यांनी त्याचंच नाव लिहिलं. इवाईंना सहीपुरतंच लिहिता येई, त्यामुळे त्यांची चिठ्ठी मी लिहायचो. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दुसरा लिहा. जुना हाय, पन जू मानेवर घेतल्यावर हालत नाई." मी मनात हसलो आणि लिहिलं.

चार दिवस मोजणी चालली आणि दुसराच आला. डबा उघडून चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडे होतं. बरोबर ठरलेली चिठ्ठी एकच होती, इवाईंची. ती वाचताना मी तिच्यावर माझं नाव वाचलं, आणि माझ्या चिठ्ठीवर त्यांचं. दोन्ही माझ्याच अक्षरातल्या. कोणी पाहायला मागितल्या नाहीत; व्याख्यानाची आठवण काढणाऱ्याला मी म्हणालो, ते तुम्हाला चकवायला होतं. इंग्रजीत हयात घालवलेल्या माणसाला आवाज बंद करून पाहणाऱ्यानं हरवावं, हे मला सोसलं नाही. वाचनालयानं मला शाल आणि नारळ दिला. मागून कोणीतरी इवाईंना म्हणालं, "काय जी बुवा, बैलाचे दात अन् मानसाचे दात येक नसते न?" सगळे हसले. इवाई माझ्याकडे पाहत होते. मग स्टूल उचलून त्यांनी भिंतीला लावलं.

थट्टा तिथेच संपेल असं मला वाटलं होतं. पण पोळ्याआधी दोघं जण त्यांना न विचारता आर्वीला जाऊन जोडी घेऊन आले. मग आणखी काही. पुढे बाजाराच्या दिवशी इवाईंचे गुडघे दुखू लागले. एरवी ते गावभर खणखणीत चालत. दुखायचे ते फक्त बाजाराच्या दिवशी.

परवाच्या निवडणुकीला पुन्हा डबा निघाला. मी इवाईंच्या घरी जाऊन त्यांना हाताला धरून आणलं, आणि भरल्या वाचनालयात उभं राहून चार वर्षांपूर्वी काय केलं ते सगळं सांगितलं. मग मागून एकानं विचारलं, "मंग ती शाल?" ती मी घडी न मोडता आणली होती. इवाईंच्या खांद्यावर घातली तेव्हा लोक बाकांवर उभे राहिले. "आता या खेपेचं सांगा," म्हणून गलका झाला. स्टूल पुढे आलं. एका बाजूनं निवडणुकीला बाई उभ्या होत्या. "बाईमानसाची चाल मी न्याहाळत नाई," इवाई म्हणाले आणि दुसऱ्याकडेच, मागच्या खेपेला हरलेल्या अध्यक्षाकडे, पाव घंटा पाहत बसले. शेवटी म्हणाले, "हाच येते. बाजारातून येकदा वापस गेलेला बैल दुसऱ्या खेपेले जास्त ताठ उभा राह्यते." आणि तोच आला. आमच्यापैकी कोणालाही तो यावा किंवा न यावा असं काही नव्हतं, तरी डफडं वाजलं, गुलाल उडाला, आणि अमेरिकेच्या निकालाची मिरवणूक रोहण्याच्या मारुतीपर्यंत गेली. मधोमध शाल पांघरलेले इवाई होते, नवरदेवासारखे.

घरी परतताना मी विचारलं, "तेव्हाच बोलला का नाहीत?"

"पोरगी आमच्या घरी हाय न तुमची," ते म्हणाले. "तिच्या बापाले चारचौघात काय म्हनू?"

पुढच्या बाजाराला त्यांचे गुडघे दुखले नाहीत. आम्ही दोघं एस्टीनं आर्वीला गेलो. बाजारात पूर्वी पाय ठेवायला जागा नसे. आता कडेला ट्रॅक्टर उभे होते आणि निंबाखाली सहा जोड्या. इवाईंना पाहताच जुने व्यापारी उठून उभे राहिले, एकानं त्यांच्या पायांना हात लावला. घ्यायचं काही नव्हतं, तरी त्यांनी साही जोड्या निवांत पाहिल्या, प्रत्येकीला चालवून, वळवून. शेवटच्या बैलाच्या पाठीवर थाप मारून ते माझ्याकडे वळले.

"आनखी नाईत का जी?"

मी मैदानाच्या टोकापर्यंत जाऊन पाहून आलो. नव्हत्या.