शेवटची बोट आणि दोन गायी

पावणेचार वाजले होते, शेवटची बोट चारला होती आणि माझ्या यादीतले आबा गायब होते.

मी कोल्हापूरच्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर आहे. तेव्हा चौतीस कोल्हापूरकरांना घेऊन नॉर्वेच्या क्रूझवर होतो. क्रूझचं जहाज मोठं. लहान बंदरात ते धक्क्याला लागत नाही, दूर पाण्यातच उभं राहतं. मग छोट्या बोटीनं गावात ने-आण करतात. तिला टेंडर म्हणतात. शेवटची टेंडर चुकली तर जहाज थांबत नाही. मागे राहिलेल्यानं पुढचं बंदर आपलं आपण गाठायचं. त्याच्याबरोबर टूर मॅनेजरची नोकरीही मागेच राहते.

बाकी सगळ्यांना मी आधीच्या बोटीनं पाठवलं होतं. गाव केवढं, तर एक चर्च, एक दुकान आणि वीस-पंचवीस घरं. इथं हरवायलाही अक्कल लागते. शेवटी घाबरत साहेबांना फोन लावला.

"कोण हरवलंय?"

"कळंब्याचे आबा. डेअरीवाले."

"मग जनावरं कुठं बांधल्यात ते बघ की."

साहेब कधी नव्हे ते कामाचं बोलले. चार दिवस आबांची एकच कुरकुर चालली होती, की जहाजावरचं दूध खोक्यातलं. आमच्याकडे संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी येतात, समोर धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात. जन्मभर ते प्यालेल्या माणसाला खोकं कसं गोड लागणार?

शेणाच्या वासावर मी चढ चढलो. वर गोठा होता. आबा पालथ्या बादलीवर बसून गायीची धार काढत होते. शेजारी एक गोऱ्या आजी कौतुकानं बघत उभ्या होत्या. त्यांचं दूध काढायचं मशीन बंद पडलं होतं.

"आबा, बोट सुटतेय. उठा."

"अर्ध्या धारंत उठायचं नसतंय, मॅनेजर. कास सुजती. आनि अजून एक ऱ्हायलीय."

मला खरंच रडू यायला लागलं. मी दोन्ही हात जोडले. आबांनी वर बघितलंसुद्धा नाही.

कोपऱ्यात एक दांडगा माणूस दूध पीत बसला होता. त्याला इंग्रजीत विनवलं, की बाबा, शेवटची बोट चारला आहे, आजींना जरा समजावून सांग. त्यानं मिशीवरचा फेस पुसला आणि शांतपणे सांगितलं, की ती बोट तोच चालवतो आणि आजी त्याची आई आहे. दुसरी गाय झाल्याशिवाय तो हलणार नव्हता. मग वायरलेसवर त्यानं जहाजाला तांत्रिक बिघाडामुळे उशीर होईल असं कळवलं, आणि मलाही एक ग्लास दिला.

आम्ही पावणेपाचला जहाजावर पोचलो.

कोल्हापुरात उतरताच साहेबांनी बोलावलं. मी राजीनामा खिशात घालूनच गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "फोटो हाय काय?"

बोटवाल्यानं काढलेला एक होता. आबा, आजी, गाय आणि मागे हात जोडून उभा मी. नव्या ब्रोशरवर तोच छापलाय, खाली 'ग्रामीण जीवनाचा अनुभव' असं लिहून. बुकिंगला येणारे मला विचारतात, तिकडंही गाय पुजतात काय? मी हो म्हणतो. आता प्रवाशापुढं हात जोडायची वेळ आली, की मी आधी कॅमेरा कुणाच्या हातात आहे ते बघतो.