मुंगळीणबाईचं बाळंतपण

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावातल्या पाटलालाही अरे-तुरे करत आणि एका मुंगीला मात्र 'बाई' म्हणत. मुळशीच्या खोऱ्यात एवढी तिरपागडी असामी दुसरी नव्हती. ती नेमकी माझ्या वाट्याला आली.

भाताच्या आवणीच्या दिवसांत सारं घर चिखलात वाकलेलं असताना मामंजी बांधावर पालथे पडून एका मुंगळ्यामागे रांगत होते. तो मुठीत धरून घरी आणला. शेजारी हसले, "मुंगळाच की!" मामंजी खवळले. "मुंगळा न्हाई, मुंगळीण हाय ही! पाठ बग, पैलवानावानी. पोट बग कसं जड. आन् हितं पंखांचे वण. लगीन हवेतच लागलं, नवरा मेला, पंख हिनं सोताच मोडलं. आता ही पोरं काढनार."

बाईंना राहायला घरातल्या एकुलत्या एका कंदिलाची काच मिळाली. एका तोंडाला ओली माती, दुसऱ्याला कापूस, वर काळं फडकं. आम्ही चिमणीच्या धुरात डोळे चोळत भाकऱ्या थापायच्या. जातं घरामागच्या परड्यात गेलं, कारण दळण्याचा हादरा बाळंतिणीला सोसत नाही. मामंजींनी तिला डिंकाच्या लाडवाचा कण दिला, तर तिनं ढुंकून पाहिलं नाही. त्याचंही त्यांना कौतुक! "आंगावरचं मांस झिजवून पोरं पोसतीया. तुमी दोन भाकरी खाऊन कुरकुरता."

नवरात्राच्या तोंडावर काचेत बारक्या मुंग्या फिरू लागल्या. मामंजींनी गूळ वाटला आणि जाहीर केलं, "घरात सुयेर हाय."

आता घरात मूल जन्मलं की दहा दिवस देवपूजा नाही, मंगलकार्य नाही, हे आम्हीही पाळत होतो. पण बाईंच्या काचेत दर दोन-चार दिवसांनी नवी मुंगी कोशातून निघायची आणि मामंजी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचे. दसऱ्याला देव पारोसे राहिले, दिवाळीला तसेच.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. वन्संचं, माझ्या नणंदेचं, लग्न ठरलेलं होतं. पुढच्या पावसाळ्यात गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं आणि त्याआधी लग्न ह्याच अंगणात लागावं अशी साऱ्यांची इच्छा होती. मुहूर्तामागून मुहूर्त टळू लागले. वन्सं कोपऱ्यात बसून रडायच्या. ती काच चुलीत घालावी असं मला कितीदा तरी वाटलं.

शेवटी माघात भरे गावचे व्याही, वन्संचे होणारे सासरे, संतापून आले. सोयरीक मोडायचीच तयारी होती. फडकं बाजूला करून त्यांनी बाईंना नीट न्याहाळलं आणि गंभीरपणे मामंजींशी वादाला बसले.

"सुयेर सासरच्यांनी पाळायचं. हिचं सासर कुटं हाय?"

"ठावं न्हाई."

"मग तुमाला काय त्याचं?"

"म्हायेरात बाळंत झाली तर म्हायेरालाबी लागतंच की."

"हे हिचं म्हायेर कसं? ते तर ही सोडून आली. पंख मोडलं, आता परत जायाला म्हायेर कुटलं हिला?"

मामंजींनी काचेवर फडकं पुन्हा ओढलं. मग एकदम त्यांचा बांध फुटला. "माज्या पोरीचंबी तसंच व्हनार, पाव्हणं. आज तिला धाडली, तर नागपंचमीला ती म्हायेराला कुटं येनार? पाण्यात?"

एवढे महिने मी ह्या माणसाला चक्रम समजत होते. व्याह्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि तिथंच पंचांग मागितलं.

मामंजींनी सुयेराचे दिवस मोजणं सोडलं आणि लग्न त्याच अंगणात लागलं. पाठवणीच्या वेळी मामंजींनी वन्संच्या ओटीत नारळाशेजारी ती काच ठेवली. "दोगींनाबी म्हायेर न्हाई," ते म्हणाले, "एकमेकींकडं बगा."

गाडी दिसेनाशी झाली. आम्ही रडत आत गेलो. मामंजींनी खराटा घेतला आणि अंधार पडेपर्यंत ते अंगण कोपरा न् कोपरा झाडत राहिले.