दोम्नाच्या सासूची हाडं

दोम्नाला लग्नात नवरा मिळाला, लग्नानंतर जर्मनी मिळाली आणि चार-पाच वर्षांनी सासू मिळाली. पहिल्या दोन गोष्टींबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही.

आम्ही दोघी ग्रीसमधल्या कोझानीकडच्या, शेजारशेजारच्या गावांतल्या. ती श्टुटगार्टला माझ्या आधी आली. मी तिच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली, तेव्हा तिनं जिन्यातच मला गाठून बजावलं, की कचरा टाकताना काच आणि कागद वेगळे ठेव आणि रविवारी गालिचा झटकू नकोस, नाहीतर खालची बाई पोलीस बोलावते. एवढं सांगून झाल्यावर मग माझं नाव विचारलं. मी पार्थेना म्हटल्यावर म्हणाली, "बरं, कॉफी प्यायला ये." त्या दिवसापासून मी तिच्या घरात आहे म्हटलं तरी चालेल.

दोम्ना आणि तिचा नवरा स्तेर्योस एकाच कारखान्यात रेडिएटर जोडायचे, पण पाळ्या उलट्या. पोरगी लहान होती, तिच्याजवळ कुणीतरी हवं. त्यामुळे नवरा-बायकोची भेट व्हायची ती कारखान्याच्या फाटकात. ही आत जाताना तो बाहेर यायचा, पोरगी आणि किल्ली या हातातून त्या हातात, आणि बोलणं एवढंच, की सूप शेगडीवर आहे, पोरीला खोकला आहे. मी दोम्नाला एकदा म्हटलं, तुमची एकच मुलगी कशी, हे मला आता कळलं. तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

पोरीला सांभाळायला म्हणून स्तेर्योसनं गावाहून आईला आणलं. मेल्पो तिचं नाव. काळे कपडे, काळा रुमाल, एक बोचकं. शेळ्या आणि कोंबड्या शेजारणीकडे ठेवून आली होती, सहा महिन्यांपुरत्या. स्तेर्योसनं तिला सहा महिनेच सांगितलं होतं. मग पोरीची शाळा लागली, मग दोम्नाचं ऑपरेशन झालं, मग अजून काही निघालं, आणि शेळ्या शेजारणीच्या झाल्या.

म्हातारी दिवसभर खिडकीत खुर्ची टाकून बसायची. मी वरून आले की म्हणायची, "पोरी, इथं रस्त्यानं माणसं जातात, पण कोण चाललंय ते कळत नाही. मग बघायचं तरी काय?" दोम्नाचं आणि तिचं मात्र विळ्याभोपळ्याचं सख्य. मीठ जास्त, मीठ कमी, चादर ओली, नवरा वाळला. "सूनबाई, हा पाव आहे की वीट?" पाव जर्मन बेकरीतला, पण शिव्या दोम्नाला. दोम्ना गप्प राहायची, पण भांडी जरा जोरात आपटायची.

स्तेर्योसला जर्मन आलंच नाही. कारखान्यात सगळी आपलीच माणसं, बाहेर दोम्ना. डॉक्टर असो, बँक असो, घरमालक असो, तो टोपी हातात धरून बायकोच्या शेजारी उभा राहायचा आणि म्हणायचा, विचार त्यांना. तिनं मात्र कारखान्यात जोडणीच्या पट्ट्यावर काम करता करता बाजूच्या जर्मन बाईकडून भाषा उचलली होती, शिव्यांसकट.

मेल्पो इस्पितळात गेली तेव्हा शेवटच्या दिवशी तिनं मुलाचं मनगट धरलं. मी दाराशी होते. ती म्हणाली, "मला इथं ठेवू नकोस." त्यानं आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

तेव्हा प्रेत विमानानं नेण्याची त्यांची ऐपत नव्हती. पण स्तेर्योसला त्याची काळजी वाटली नाही. आमच्याकडे माणूस कायमचा कुठं पुरतात? तीन वर्षं मातीत ठेवायचं, माती आपलं काम करते, मग उकरून हाडं वर काढायची, वाइननं धुवायची आणि छोट्या पेटीत घालून देवळामागच्या खोलीत बापजाद्यांशेजारी ठेवायची. त्यानं विचार केला, तीन वर्षांनी आईला मांडीवर घेऊन गाडीनं जाऊ. हे सगळं त्यानं मनातल्या मनात ठरवलं, कुणाला विचारलं नाही. जगात सगळीकडे असंच असतं असं त्याला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

तीन वर्षांनी दोम्ना कबरस्तानाच्या कचेरीत विचारायला गेली, तर तिथली माणसं तिच्याकडे बघतच राहिली. आईची हाडं घरी न्यायची आहेत म्हणे. इथं वीस वर्षं कबर उघडता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. स्तेर्योसनं तिला पुन्हा पाठवलं, तू नीट ऐकलं नसशील म्हणून. पण वीस म्हणजे वीस.

मग दोघं थांबली. पोरगी देस्पिना शिकून हाम्बुर्गला गेली, तिकडेच लग्न करून राहिली. पेन्शन सुरू झाली. आमच्या बरोबरीची माणसं एकेक करून गावी परतली. माझं तिकडे कुणी उरलं नाही म्हणून मी राहिले, पण यांचं तर गावात घर बांधून तयार होतं, अंगणात अक्रोडाचं झाड, बाजूला दोम्नाच्या बहिणीचं घर. दर उन्हाळ्यात जायचं, खुर्च्यांवरच्या चादरी काढायच्या, महिनाभर खिडक्या उघड्या ठेवायच्या, पुन्हा चादरी घालून परत यायचं. बहीण फोनवर विचारायची, काय गं, तुझ्या सासूची वेळ झाली का? आम्ही दोघी हसायचो. नंतर नंतर दोम्ना हसेनाशी झाली. एक दिवस माझ्याकडे मटार सोलत बसली होती, हात थांबवून म्हणाली, "सगळ्यांना वाटतं मला तिथं जाऊन मरायचंय. मला तिथं थोडं राहायचंय गं, पार्थेना."

शेवटी वीस वर्षं भरली. कबर उघडायची परवानगी काढताना दोम्नाच्या नाकी नऊ आले, पण काढली. स्तेर्योसनं बाल्कनीत बसून अक्रोडाच्या लाकडाची पेटी बनवली, कोपरे इतके घासले की बोट लावलं तर घसरेल. दोम्नानं पांढरी चादर धुऊन इस्त्री केली, गावाकडची वाइन आणली. घरातलं निम्मं सामान खोक्यांत गेलं. घर सोडतो असं घरमालकाला त्याच संध्याकाळी कळवायचं ठरलं होतं.

ऑक्टोबरातली सकाळ होती. खणणारे दोघं आणि त्यांची मुख्य, एक शांत बाई. आमचे पाद्री, दोम्ना-स्तेर्योस आणि मी. दोम्नानं घरूनच गव्हाचा प्रसाद करून आणला होता, साखर आणि डाळिंबाचे दाणे घालून. खणणाऱ्यांतला एकजण खड्ड्यात होता. तो थांबला. त्यानं वर बघून मान हलवली. मुख्य बाईनं पुढे होऊन पाहिलं आणि आम्हाला हातानं मागे सरकायला सांगितलं. मग ती दोम्नाला बाजूला घेऊन बोलली. मला सगळं ऐकू येत होतं. इथली माती चिकण आहे, पाणी धरून ठेवते. शवपेटी जाड ओकची, वर व्हार्निश, आत हवा जात नाही. देहाला काहीच झालेलं नाही, अजून तसाच आहे. आता बंद करावं लागेल.

दोम्ना पांढरीफटक पडली, कारण ती पेटी तिनं निवडली होती. मी तेव्हा तिच्याबरोबर दुकानात गेले होते. पाइनच्या पातळ फळ्यांची एक साधी पेटीही होती, अगदी गावच्या सुताराकडे मिळते तशी. दोम्ना म्हणाली, नको, लोक म्हणतील सुनेनं सासूला फळकुटात घातलं. म्हणून सगळ्यात जाड, सगळ्यात चांगली घेतली. वर नवा नायलॉनचा झगा, नवे बूट. इतकी वर्षं भांडी आपटलेल्या बाईनं सासूचं शेवटचं सगळं उत्तम केलं होतं, आणि त्यातच सगळं अडकलं.

"काय म्हणते ती?" स्तेर्योसनं विचारलं.

दोम्नानं सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. माती, पाणी, लाकूड. तो ऐकत होता, पण ऐकत नव्हता. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, माती कुणाला घेत नाही ते. जो मनात राग धरून गेला त्याला.

"मातीला कशाला दोष द्यायचा," तो म्हणाला. "तिनं मला माफ केलं नाही."

"पेटी मी घेतली, स्तेर्योस. दोष द्यायचा तर मला दे."

"तू तिला चांगली पेटी दिलीस. मी तिला फसवून आणलं. सहा महिने म्हणालो होतो."

मग तो खड्ड्याकडे निघाला. आम्ही दोघींनी आणि पाद्रीबाबांनी मिळून त्याला धरलं. खणणारा बिचारा टोपी काढून उभा राहिला. माती परत टाकताना जो आवाज येतो तो मी जन्मात विसरणार नाही.

पुढच्या रविवारी पाद्रीबाबांनी कबरीवर क्षमेची प्रार्थना म्हटली. आमच्या चर्चमधल्या बायका कुजबुजल्या, की कुणी तळतळाट दिला असेल, सून कशी होती बघा. मला असा राग आला की मी एकीला तिथंच विचारलं, तुझ्या सासूला तू कशात घातलीस? दोम्नानं मला हाताला धरून बाहेर ओढलं. पायऱ्यांवर बसली आणि म्हणाली, "जिवंतपणी म्हातारीनं कुणाचं ऐकलं नाही. आता मातीचं ऐकेल होय?" आणि हसता हसता रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

स्तेर्योस रोज ट्रामनं कबरस्तानात जायला लागला. जेवण तुटलं. गालफडं बसली. देस्पिना फोनवर म्हणायची, आजीला राहू दे तिथं, तुम्ही गावी जा, मेलेल्या माणसाला काय कळतं. दोम्नानंही त्याला समजावून पाहिलं, की आपण जाऊ, दर वर्षी दिवा लावायला येऊ. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "तू जा, दोम्ना. मी आईला कशी सोडू?" तिला एकटीला जाता येत नव्हतं आणि त्याला हलवता येत नव्हतं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी तिची गत झाली. खोकी भिंतीला तशीच उभी होती. स्वयंपाकाचं पातेलं हवं असलं की ती खोकं फोडायची, धुऊन पुन्हा आत ठेवायची.

हिवाळा संपता संपता कचेरीतून बोलावणं आलं. त्या भागातली माती तपासून झाली होती, आता पुढे काय ते सांगायचं होतं. दोम्ना म्हणाली, तू पण चल. आम्ही तिघं गेलो. टेबलामागे एक तरुण बाई होती, चांगल्या स्वभावाची. तिनं आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. कबरीला कुणी हात लावणार नाही, म्हणाली, दगडही राहील, फुलंही लावता येतील. पण पुन्हा उघडायची म्हणाल तर मातीला अजून वेळ द्यायला हवा. पंधरा वर्षं.

दोम्नानं पर्सचा बंद नीट केला.

स्तेर्योस पंचाहत्तरीला टेकला होता. टोपी दोन्ही हातांत फिरवत त्यानं आधी त्या बाईकडे पाहिलं, मग दोम्नाकडे. "किती म्हणते?"

"पाच," दोम्ना म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडावर शब्द आला होता, पण मी मूग गिळून बसले.

"पाच?"

"पाच."

त्यानं मान डोलवली. "पाच जातील," म्हणाला. "पाच काय, अशी जातील. तोवर तिचाही राग निवेल." मग उठला आणि टेबलावरून वाकून त्या बाईचा हात हातात घेतला, त्याला येत होतं तेवढ्या जर्मनमध्ये आभार मानले. तिला काही समजलं नाही. पंधरा वर्षं ऐकून हा म्हातारा इतका खुश कसा, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. ती दोम्नाला काही विचारणार, तोच दोम्ना उभी राहिली.

बाहेर तो आमच्या पुढे चालत होता, किती महिन्यांनी पाय उचलून. मी दोम्नाचा दंड धरला आणि हळू आवाजात म्हटलं, "पंधरा सांगितलं असतंस तर त्यानं आशा सोडली असती. गावी आला असता तुझ्याबरोबर."

"जीव सोडला असता त्यानं," ती म्हणाली. "मी ओळखते त्याला."

"आणि पाच वर्षांनी?"

"पाच वर्षांनी तरी विचारायला कोण जाणार? मीच ना?"

तिचं घर, अंगण, बहीण, सगळं तिनं त्या एका शब्दात टाकून दिलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. ट्राम आली. स्तेर्योस आधी चढला आणि आमच्यासाठी दोन जागा धरून, लवकर या म्हणून हात करत होता.

पायरीवर पाय ठेवताना दोम्ना म्हणाली, "उद्या जरा खाली ये. पडदे काढलेत ते परत लावायचेत. त्याला आता स्टुलावर चढू देत नाही मी."