टाकीवरचा पंखा

नेरळला समुद्र नाही. तरी आमच्या भाड्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मी समुद्र ठेवला होता, चार फुटी काचेच्या टाकीत, पाकिटातलं मीठ फिल्टरच्या पाण्यात कालवून केलेला. त्यात दोन नारिंगी मासे आणि बाकी सगळं प्रवाळ. येणारा-जाणारा मासे बघायचा आणि विचारायचा, "मागचे दगड छान आहेत, कुठून आणले?" अहो, दगड काय! जिवंत प्राणी आहेत ते. अंगठ्याएवढे तुकडे आणून वाढवले होते मी. त्यातलं एक जांभळं झुडूप तर आता ओंजळीत मावलं नसतं.

प्रवाळाचा रंग त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या अंगात शेवाळासारखे बारीक जीव राहतात. रंग तेच देतात आणि खायलाही तेच घालतात. पाणी सव्वीस अंशांवर असलं की संसार सुरळीत चालतो. तिशीच्या वर जाऊन तिथंच राहिलं, की प्रवाळ या जीवांना हाकलून देतं, पांढरं पडतं आणि बहुतेक वेळा उपाशी मरतं. म्हणून चिलर लागतो. टाकीतलं पाणी तो गार करतो आणि त्यातली उष्णता हॉलमध्ये ओकतो. "माशांना महाबळेश्वर आणि माणसांना वीटभट्टी," असं बायको प्रत्येक पाहुण्याला ऐकवायची. मी हसण्यावारी न्यायचो.

मे महिन्यात कर्जतला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ती कशेळ्याच्या पुढच्या गावात एकटी राहते. तिथं डोळ्यात औषध कोण घालणार, म्हणून तिला आमच्याकडे आणली. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्यात घाम जाता कामा नये, धूळ नको, काळा चष्मा काढायचा नाही. त्यामुळे तिला एसीच्या खोलीत ठेवणं भाग होतं. पण एसी आणि चिलर एकदम लावले की घरातली वीज खटकन जायची. घरमालकाला वायरिंगचं सांगून माझं तोंड दुखलं होतं, त्याचं आपलं "दिवाळीनंतर बघू". म्हणजे दोन्हींतलं एकच चालणार. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मी चिलर बंद केला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग जुगाड सुरू झाला. टाकीचं झाकण काढलं आणि टेबलफॅनचं तोंड थेट पाण्यावर केलं. वाऱ्यानं पाण्याची वाफ होते आणि पाणी दोन-तीन अंश उतरतं. जोडीला फ्रीजरमध्ये गोठवलेल्या बाटल्या होत्याच. त्या सकाळी कामावर जाताना सोडायच्या, पण तासाभरात त्या नावापुरत्या उरायच्या. सगळी मदार पंख्यावर होती. मी खालापूरला कारखान्यात सकाळपाळीला, बायको स्टेशनजवळच्या तिच्या शिलाईच्या दुकानात. दुपारी ती घरी येऊन आईला जेवू घालायची, डोळ्यात थेंब टाकायची आणि परत जायची.

आणि तरी पाणी तापत होतं. संध्याकाळी मी बेल वाजवायचो, आई भिंतीला हात लावत येऊन दार उघडायची. पंखा भणभण फिरत असायचा, आणि टाकीवरचा थर्मामीटर बत्तीस दाखवायचा. पहिल्यांदा मी थर्मामीटरलाच शिव्या घातल्या. नवा आणला. तोही बत्तीसच. पंख्याची जागा बदलली, पडदे ओढले, बाटल्या वाढवल्या. फ्रीजरमधल्या कैरीच्या गरावर संक्रांत आली तेव्हा बायको म्हणाली, "उद्या मलाही बाहेर काढा, जागा होईल." जांभळ्या झुडपाची टोकं फिकट दिसायला लागली होती. माझं कामात लक्ष लागेना.

एकदा पाळी लवकर सुटली. आई झोपली असेल म्हणून बेल न वाजवता माझ्या किल्लीनं दार उघडलं. हॉलमध्ये गच्च शांतता होती. पंखा बंद.

"आई, पंखा कुणी बंद केला?"

ती खोलीतूनच म्हणाली, "मीच केला. सून गेली का बंद करते मी रोज. घरात मानूस नाय काय नाय, आन् रिकाम्या खोलीत उगी फिरतोय."

"मग मी येतो तेव्हा चालू कसा असतो?"

"तू उन्हातनं येतोस ना रं. बेल वाजली का आदी बटन दाबते, मग दार उघडते."

माझं डोकं असं सणकलं! हाताशी येईल ते आपटावं असं वाटलं. पण गावी आमच्या घरात एकच पंखा होता आणि तो बापाच्या खाटेवरून हलायचा नाही. बाप उठून बाहेर गेला की आईचा हात आपोआप बटणाकडे जायचा. तिला काय सांगणार? मी एवढंच म्हणालो, "यापुढं राहू दे चालू. माशांना लागतो."

"माशांना? पान्यातल्या जिवाला वारा?" ती खुदखुदत राहिली. पण त्यानंतर तिनं बटणाला हात लावला नाही.

उपयोग झाला नाही. जांभळं झुडूप टोकांकडून खाली पांढरं होत गेलं, मग हिरवं, मग त्याच्या बाजूचं. मासे मात्र मजेत होते. बायकोनं चेष्टा थांबवली, त्यावरून मला कळलं की तिलाही दिसतंय.

डोळा मात्र छान बरा झाला. डॉक्टरांनी काळा चष्मा काढायला परवानगी दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई हॉलमध्ये आली. खिडकीतून ऊन आलं होतं. ती टाकीपाशी गेली, काचेला नाक लावून उभी राहिली.

"अगं बाय," ती म्हणाली, "किती पांढरं हाय रं ह्ये! भाताच्या लाह्या फुटल्यात जनू. आन् मला आपलं वाटायचं, दगडं ठेवलीत पोरानं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात हातात कणीक घेऊन तशीच उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

"येक डाग नाय कुटं," आई म्हणाली. "लई निगुतीनं सांबाळलंस रं."

"हो," मी म्हणालो, आणि तिला नीट दिसावं म्हणून टाकीतला दिवा लावला.