खुर्चीवरचा रुमाल

जागेवरून उठताना भाऊसाहेब खुर्चीवर रुमाल टाकत. चहाला निघाले तरी, साहेबांनी आत बोलावलं तरी, अगदी नळावर बाटली भरायला गेले तरी. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, आणि कोणी बसायला लागलं की शेजारचा सांगतो, "माणूस हाय", तसा. पांढरा, इस्त्रीचा, चार घड्यांचा रुमाल. कोणी हसलं की भाऊसाहेब म्हणायचे, "असू द्या. खंड नको."

तुम्ही सरकारी ऑफिसात खेपा घातल्या असतील, तर असा एखादा माणूस पाहिलाही असेल. आमचं ऑफिस पाटबंधाऱ्याचं, नगरला. अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय व्हायची आहे. भाऊसाहेब आवक-जावकला आणि मी आस्थापनेला, म्हणजे नोकरांच्या नेमणुका, रजा, पेन्शन बघणारी. आमच्या टेबलांच्या मध्ये एक कपाट. क्लार्कला भाऊसाहेब म्हणायची आपल्याकडे रीतच आहे, पण आमच्याकडे ते नाव एकट्या त्यांनाच चिकटलं होतं.

"खंड नको" हे त्यांचं पालुपद. कोणी गोष्ट सांगता सांगता फोन घेतला की खंड नको. चहावाला एखाद्या दिवशी आला नाही की दुसऱ्या दिवशी त्यालाही तेच ऐकावं लागायचं. नवी मुलं नक्कल करायची आणि मीही खुशाल हसायची. मग एकदा डबा खाताना त्यांनी मला त्यांच्या खंडाची गोष्ट सांगितली.

तेव्हा ते कालव्याच्या एका शाखेवर तात्पुरत्या नेमणुकीवर होते. नाव तात्पुरतं, नोकरी वर्षानुवर्षं चाललेली. गावी, सोनईला, आई वारली. भाऊसाहेब रजेचा अर्ज लिहायला बसले, तर तिथल्या जुन्या हेडक्लार्कने हातातलं पेनच काढून घेतलं. सुतकात सरकारी कागदावर सही करतोस का, म्हणाला. तेरावं घालून ये, मग सगळं मागच्या तारखेनं करू. मनाने चांगला माणूस. चांगल्या माणसांनी घातलेले घोळ निस्तरणं फार अवघड असतं, हे मी आस्थापनेला बसून शिकले.

डोकं भादरलेले भाऊसाहेब तेरावं उरकून परत आले, तर हेडक्लार्कची बदली झालेली. नवे साहेब म्हणाले, तात्पुरता माणूस अर्जाशिवाय गेला म्हणजे नोकरी सोडून गेला. तरी त्यांना दया आली आणि त्यांनी नव्याने नेमणूक दिली. भाऊसाहेबांनी त्यांचे पाय धरले. आपण काय पदरात घेतोय हे त्यांना उमगलंच नाही. नेमक्या त्याच दिवसांत जुनी पेन्शन बंद झाली होती. आधी लागलेल्यांना जुनी, नंतरच्यांना नवी. भाऊसाहेब कागदावर नंतरचे झाले, आणि मागची सगळी नोकरी त्या सुतकाच्या पलीकडे राहिली.

आता नोकरीतला तो खंड वरून माफ झाला, तरच मागची वर्षं जोडली जाणार होती. मग जुनी पेन्शन लागणार, त्यांच्या मागे बायकोलाही मिळत राहणार. नाही झाला, तर नव्या योजनेत जे काही साठलं असेल त्यावर म्हातारपण काढायचं. प्रस्ताव वर गेला. वरून शंका आली, आम्ही खुलासा पाठवला, पुन्हा शंका आली. तोवर दुसरा खंड पडू द्यायचा नाही, एवढंच भाऊसाहेबांच्या हातात होतं. ते त्यांनी इतकं घट्ट धरलं की त्यात स्वतःच अडकून बसले.

मध्ये सोनईच्या जवळ बदली मिळत होती. रोज घरचं जेवण, रात्री आपलं अंथरूण. भाऊसाहेबांनी नको म्हटलं. इथून सुटायचं आणि तिथे रुजू व्हायचं, आणि मधेच काही झालं तर? प्रवासाचे दिवस नियमात धरलेले असतात, असं मी त्यांना परोपरीने समजावलं.

"सुतकबी नियमानंच पाळलं हुतं, मॅडम," ते म्हणाले.

ते शहरात एका खोलीत राहिले, बायको गावी राहिली.

मुलीच्या लग्नात तर त्यांनी कमाल केली. रजा मंजूर झालेली होती, मी स्वतः फोनवर सांगितलं होतं. तरी हळदीच्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने गडी नगरला हजर. पिवळ्या हातांनी रजेच्या कागदावरची साहेबांची सही डोळ्यांखालून घातली आणि आल्या पावली परत गेला. दुसऱ्या दिवशी मांडवात त्यांच्या बायकोने मला अक्षता देता देता सांगितलं, "ह्यांचं लगीन हाफिसाशी लागलंय, बाई. मी आपली पाव्हणी." ती हसत होती, आणि मला तिचा राग कळत होता.

मग जुन्या पेन्शनसाठी संप झाला. आम्ही सगळे गेटसमोर सतरंजीवर. संपाचे दिवस सेवेत खंड धरले जातील, असा इशारा आला होता, पण गर्दीत माणसाला भीती वाटत नाही. भाऊसाहेब सायकल हातात धरून गेटपाशी आले. त्या पेन्शनची आमच्यापैकी कोणाहून जास्त गरज त्यांना होती, आणि तिच्यासाठी आमच्यात येऊन बसायची सोय तेवढी त्यांना नव्हती. मागून कोणीतरी त्यांना फितूर म्हणालं. ते खाली मान घालून आत गेले. दुपारी पाण्याचा जार ओढत बाहेर आले, सतरंजीच्या कडेला ठेवला आणि पुन्हा आत गेले. मी वळून खिडकीकडे पाहिलं, तर रिकाम्या ऑफिसात एकटे बसून ते आमच्या घोषणा ओठातल्या ओठात म्हणत होते. मला माझा आवाज नकोसा झाला.

संप मिटला. पुढे आमचे दिवस रजा म्हणून धरले गेले, एका आदेशात सगळ्यांचे. आवकला तो आदेश त्यांनीच घेतला आणि शिक्का मारून माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"तुमचा जोडला, मॅडम. बरं झालं."

बोलण्यात जराही तिरकेपणा नव्हता. म्हणूनच त्या दिवशी मला डबा गेला नाही.

प्रस्तावाचं उत्तर येण्याआधीच ते निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं झाली. आभार मानायला उठताना त्यांनी सवयीने खुर्चीवर रुमाल टाकला आणि सगळे हसले. तेही हसले.

त्यानंतर दर सोमवारी ते यायचे. त्यांच्या खुर्चीवर आता दुसरं कोणी होतं, म्हणून आमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसायचे. चहाला गेले की बाकावर रुमाल असायचा. जाताना आत डोकावून म्हणायचे, "न्हाई ना आलं? येतो सोमवारी." बायको म्हणे आता तरी कायमचे घरी या म्हणत होती. पण पेन्शनचं ठरल्याशिवाय घरी जाऊन बसायचं म्हणजे खंडच की.

अशाच एका सोमवारी उत्तर आलेलं होतं. गैरहजेरीचा अर्ज नाही, सबब खंड माफ करता येत नाही. मी बसा म्हटलं, पण त्यांनी उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं.

"म्हंजी आई गेली तवा मी हाफिसात असायला पायजे हुतो."

कोर्टात जाता येईल, माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, असं मी घाईघाईने सांगू लागले. त्यांनी हाताने थांबवलं. "न्हाई, मॅडम. लई झालं."

ते बाकापाशी गेले. रुमाल उचलला, एकेक घडी मोडली आणि त्याने तोंड पुसलं. इतक्या वर्षांत तो रुमाल तोंडाला लागलेला मी पाहिला नव्हता. मग तो तसाच चुरगळून खिशात कोंबला आणि ते जिना उतरून गेले.

पुढच्या सोमवारी पाणीपट्टीच्या कामाला आलेले एक आजोबा बाकापाशी घुटमळत होते. "हितं कुनी बसलंय का, बाई?" त्यांनी विचारलं.

माणूस आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"बसा," मी म्हटलं.