बोटवाले तात्या आणि दुसरा नळ

१९८४ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा, मरोळच्या कारखान्यात हमाल, राहायला कांदिवलीच्या बैठ्या चाळीत. त्या वर्षी आमचे बोटवाले तात्या गेले. तात्यांची एक खोड होती. नळ दवाखान्यातला असो की थेटरातला, ओंजळ धरायच्या आधी विचारणार, "ह्यो नळ कोणाचो?" पोरं हसायची. "म्युन्सिपाल्टीचा, तात्या!" मी नाही हसलो कधी.

तात्या मालवणकडचे मराठे, आम्ही बौद्ध. त्यांची पुढची ओळ, आमची मागची. तरी संध्याकाळी माझ्याच पायरीवर येऊन बसायचे आणि माझ्या घरच्या कपातून चहा प्यायचे. तरुणपणी ते मालबोटीवर खलाशी होते. अमेरिकेत दक्षिणेकडच्या एका कापसाच्या बंदरात उतरले, तर धक्क्यावर दोन नळ. एकावर गोऱ्यांची पाटी, दुसऱ्यावर काळ्यांची. तिथल्या एका काळ्या हमालाने त्यांना समजावलं. गुलामगिरी उठली तेव्हा त्याचे आजोबा रस्त्यात नाचले होते. मग वेगळेपणाचाच कायदा आला. आगगाडीचे डबे वेगळे, दारं वेगळी, शाळा वेगळ्या. आणि कोर्ट म्हणालं, दोघांना सारखंच मिळतंय ना, मग वेगळं असलं तर बिघडलं कुठे?

मी विचारलं, "तुम्ही कुठल्या नळावर गेलात, तात्या?"

"मी? पाणी न पिताच बोटीर परत इलंय. कोणाक विचारू, माजो खंयचो म्हणान?"

आमच्या चाळीला तेव्हा नळ एकच. एकदा माझ्या सुनेचा हंडा पुढच्या ओळीतल्या बाईच्या हंड्याला लागला. बाईने भरलेला हंडा तिथेच ओतला, चिंचेने घासला, पुन्हा भरला. मी चौथी नापास आहे, पण शिवाशिवीविरुद्धचा कायदा कुणासाठी झाला ते मला कळतं. म्हटलं, तक्रार करणार. चाळीचा सेक्रेटरी धावत आला. "भिवाकाका, पोलीस कशाला? मागच्या ओळीला स्वतंत्र नळ देतो ना! पाइप तोच, पाणी तेच, वेळ तीच. झकास!"

नळ आला आणि आमच्याच लोकांनी पेढे वाटले. तात्यांपुढे पुडा धरला तर म्हातारा कडाडला, "मेल्यांनो, पेढे खातास? ह्यां मी बघून इलंय. उद्या वाट वेगळी करतले, तेवाय वाटा पेढे!"

आमच्या ओळीतली शांताबाई फटकळ. म्हणाली, "तात्या, तुमच्या घरात पाणी पुढच्याच नळाचं ना? मग आम्हाला नका शिकवू."

दुसऱ्या दिवसापासून तात्यांची कळशी मागच्या नळावर लागली. त्यांच्या सुनेने ते पाणी तुळशीलासुद्धा नाही घातलं, गटारात ओतलं. मग तात्यांनी स्वतःपुरता माठ ओट्यावर मांडला. स्वतःच्या घराबाहेर पाणी प्यायचे, म्हातारपणी.

तक्रारीला शेवटी आम्ही दोघेच गेलो. हवालदाराने विचारलं, "पाणी मिळतं ना?"

"मिळतं."

"मग? लोकांना अर्धा नळ मिळत नाही, तुम्हाला अख्खा दिलाय."

पायऱ्या उतरताना तात्या म्हणाले, "थंयचो कायदोच तसो होतो, भिवा. हंयचो कायदो चांगलो आसा, तरी नळ दोनच."

त्याच वर्षी थंडीत ते गेले. शेवटची अंघोळ घालायची होती. मी मागच्या नळाची घागर भरून त्यांच्या दारात नेली. थोरला मुलगा पुढे आला. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून जत्रेला जायचा. हात जोडून म्हणाला, "काका, राहू द्या. आम्ही भरलंय." फार नम्रपणे म्हणाला. शिवी दिली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

घागर तशीच परत आणली. स्मशानात सगळ्यांच्या मागे उभा राहिलो आणि रडलो नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी यायच्या आधी उठलो, तीच घागर उचलली आणि पुढच्या नळावर जाऊन रांगेत पहिला उभा राहिलो.