कपाटाकडे वळणारा धूर

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कामाचं ते एक वर्ष आमच्या घराला पाठ झालं होतं. ते तिकडे रात्री नऊला बोलायला उभे राहिले, की कुवेतमध्ये पहाटेचे पाच वाजलेले असत. २००२च्या जानेवारीत त्यांनी तीन देशांना एकत्र करून वाईट ठरवलं, त्यातला एक आमच्या शेजारचा, इराक. सप्टेंबरमध्ये ते संयुक्त राष्ट्रांत बोलले; ते आम्ही संध्याकाळच्या चहाबरोबर ऐकलं. ऑक्टोबरात त्यांना त्यांच्या संसदेकडून युद्धाची परवानगी मिळाली. पुढच्या जानेवारीत पुन्हा पहाटे भाषण झालं, आणि ते संपल्यावर बायको म्हणाली, "ह्या माणसाचं कॅलेंडर आपल्या भिंतीवर लावून टाका आता."

मी एअर कंडिशनिंगच्या कंपनीत एस्टिमेटर होतो. किती फुटांच्या खोलीला किती हवा लागेल, हवा नेणारा डक्ट किती रुंद, खर्च किती, एवढंच माझं काम. आम्ही सबाह अल-सालेम भागात दुसऱ्या मजल्यावर राहत होतो: मी, बायको आणि सहावीतली मुलगी.

फेब्रुवारीत सगळीकडे सूचना येऊ लागल्या. घरातली एक खोली निवडा, खिडक्यांना प्लॅस्टिक लावा, फटींवर टेप मारा, पाणी भरून ठेवा. विषारी वायूचं नाव कोणी मोठ्याने घेत नसे. बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, रुंद टेप संपली. ऑफिसात लोक मास्कबद्दल असे बोलत, जसे पूर्वी कुलरच्या किमतीबद्दल बोलत.

बायकोने आणि मुलीने सांगलीला जावं असं माझं म्हणणं होतं. कंपनी मला सोडणार नव्हती. बायको ऐकत नव्हती, आणि त्याला कारण होतं. १९९०च्या ऑगस्टमध्ये इराकी फौज आली तेव्हा मी इथे होतो आणि ती, लग्नाला वर्ष व्हायचं होतं, सांगलीत होती. बसने वाळवंटातून जॉर्डन आणि तिथून विमानाने मुंबई असा मी पोचलो. तोवर तिला माझी काही खबर नव्हती. लोक येऊन तिच्याशी हळू आवाजात बोलत, एवढंच ती त्या दिवसांबद्दल सांगते.

"मी परत त्या टोकाला बसणार नाही," ती म्हणाली. "खोली बंद करा. नीट बंद झाली तर आम्ही इथेच राहू."

मग मी खोली बंद केली. आमची बेडरूम, बारा बाय अकरा. खिडकीवर दुहेरी प्लॅस्टिक, एसीच्या जाळीवर प्लॅस्टिक, दाराच्या चौकटीला फोम, उंबऱ्याशी ओला टॉवेल ठेवायची जागा. देवांचा छोटा देव्हाराही ह्याच खोलीत, कपाटाशेजारी. मार्चच्या आधीचे गार दिवस. एसी बंद होता. कुवेतमध्ये वर्षातले बहुतेक महिने यंत्राचा आवाज कानात असतो. तो थांबला की घर कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं वाटतं.

साइटवर डक्टचा जोड गळतो की नाही हे बघायची आमची एक सोपी रीत होती. राजापूरकडचे आमचे फिटर जोडाजवळ उदबत्ती धरत. धूर सरळ वर गेला तर जोड पास. वळला तर फटीत पुन्हा सीलंट. जलीबच्या कामगार वस्तीतल्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारी ती माणसं उदबत्त्यांचे पुडे गावाहून आणत, अर्धे देवाला आणि अर्धे डक्टला. मीही देव्हाऱ्यातली एक उदबत्ती घेतली, दार लावलं आणि खोलीच्या मधोमध स्टुलावर उभी केली.

धूर वीतभर सरळ चढला आणि मग कपाटाकडे वळला.

मी स्टूल हलवलं. तरी कपाटाकडे. हलत नव्हता, थरथरत नव्हता. कोणीतरी दोरा धरून हळूहळू ओढावा तसा चालला होता. मुलगी माझ्याबरोबर आतच होती, ती म्हणाली, "बाबा, इट्स गोइंग समव्हेअर." मी कपाट रिकामं करून पुढे ओढलं. मागे भिंतीत विजेचा एक जुना बोर्ड होता, त्याच्या भोकातून धूर आत जात होता. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची बेडरूम. शेजारी श्रीवर्धनकडचे मुसलमान, अत्तराचं दुकान, बायको आणि दोन मुलं. ते आठवड्यापूर्वी सगळे गावी गेले होते. दाराला कुलूप होतं.

बायकोने भिंतीला कान लावला. मग मला खुणेने बोलावलं. पलीकडे घरघर होती, बारीक, न थांबणारी.

"कोणीतरी आहे," ती म्हणाली.

इमारतीच्या राखणदाराकडे, इथे त्याला हारिस म्हणतात, शेजाऱ्यांनी किल्ली ठेवली होती. भर दुपारी आम्ही तिघं आत गेलो: हारिस, मी आणि माझ्या मागे बायको. हॉलमध्ये सतरंजी गुंडाळलेली, फ्रिजचं दार उघडं ठेवलेलं, सगळं नीट. बेडरूमचं दार मात्र ओढलेलं होतं, आणि आतल्या बाजूच्या टेपची अर्धी सुटलेली पट्टी फटीतून बाहेर आली होती. हारिसने दार ढकललं.

त्यांनीही खोली बंद केली होती. माझ्यापेक्षा नीटनेटकी. जमिनीवर चार गाद्या ओळीने, प्रत्येक उशीशी पाण्याची बाटली आणि घडी केलेला ओला करायचा टॉवेल. धाकट्याच्या गादीवर प्लॅस्टिकचा लाल ट्रक. आणि खिडकीवरचं प्लॅस्टिक श्वास घेत होतं. आत फुगायचं, थोडं थांबायचं, मागे जायचं, पुन्हा फुगायचं. हारिसने अरबीत देवाचं नाव घेतलं आणि तो उंबऱ्याबाहेरच राहिला.

कारण समजायला मला फार वेळ लागला नाही. खोलीला लागून असलेल्या बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा चालू राहिला होता. तो आतली हवा बाहेर फेकत होता आणि जिथून मिळेल तिथून, खिडकीच्या फटीतून, आमच्या भिंतीतल्या भोकातून, नवी ओढत होता. मी बटण बंद केलं. प्लॅस्टिक सैल पडलं. तेव्हा जी शांतता झाली ती मला घरघरीपेक्षा जड वाटली.

बायको गाद्यांकडे बघत होती. "हे इथे झोपले असते," ती म्हणाली, "तर?"

मी खरं ते सांगितलं. वायू आला असता तर ह्या खोलीने तो इमारतीतल्या बाकी कुठल्याही खोलीआधी आत ओढला असता.

घरी येऊन मी बोर्डाचं भोक सीलंटने भरलं, कपाट जागेवर लावलं आणि दुसरी उदबत्ती पेटवली. धूर सरळ वर गेला, छतापर्यंत. मला वाटलं, काम झालं. मी बायकोला खोलीचं आकारमान सांगू लागलो, तिघांना ती हवा किती वेळ पुरेल ते. तिने मधेच थांबवलं.

"अहो, आकडे राहू द्या. ही खोली तुमच्या साइटवर असती तर पास केली असती का?"

मी धुराकडे बघितलं. मग पलीकडच्या चार गाद्या आठवल्या. त्यांनीही जेवढं दिसतं तेवढं सगळं केलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

ती देव्हाऱ्यातली राख पुसत राहिली. मग म्हणाली, "आम्ही जातो. पण ह्या वेळी मला सगळं कळलं पाहिजे. फोनवर मला बरं वाटावं म्हणून एकही शब्द बोलायचा नाही. जे असेल ते."

मी कबूल केलं. मार्चच्या सुरुवातीला मी दोघींना विमानतळावर सोडून आलो. येताना इराकच्या दिशेला, जहराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वाळूच्या रंगाच्या लष्करी गाड्यांची रांग दिसली, शेवट दिसत नव्हता.

त्यानंतर राष्ट्राध्यक्ष पुन्हा पहाटे बोलले, आणि ह्या वेळी त्यांनी शेजारच्या देशाच्या सत्ताधीशाला देश सोडायला अठ्ठेचाळीस तास दिले. मी टीव्हीसमोर एकटाच होतो. ते खूप सावकाश बोलत होते. आमच्या घरात एवढ्या सावकाश फक्त डॉक्टर बोललेले आहेत. मुदत संपली आणि युद्ध सुरू झालं.

पहिला सायरन वाजला तेव्हा दिवस होता. मी खोलीत गेलो, दार लावलं, टेप मारली, टॉवेल ओला करून उंबऱ्याशी दाबला. फोनची लांब वायर मी आधीच आत घेतली होती. सवयीने उदबत्ती लावली आणि स्टुलावर ठेवली. बाहेर सायरन चढत होता, उतरत होता. मी धुराकडे बघत होतो.

तो वीतभर चढला आणि कपाटाकडे वळला.

पलीकडचा पंखा बंद होता. मी स्वतः बंद केला होता. भोक भरलेलं होतं. मी भिंतीला कान लावला. काही नव्हतं; आणि तरी धूर कोणीतरी ओढत असल्यासारखा चालला होता.

फोन वाजला. तिने तिथे टीव्हीवर सायरनची बातमी बघितली होती. ती हॅलो म्हणाली नाही.

"धूर कसा आहे?"

खरं सांगतो, 'सरळ' म्हणायला एक क्षण पुरला असता. मला तो शब्द तोंडात जाणवला.

"कपाटाकडे वळतोय," मी म्हणालो. "पंखा बंद आहे, तरी."

सांगलीच्या त्या टोकाला कोणीतरी भांडी लावत होतं, ते ऐकू आलं. मग ती म्हणाली, "मग तिथे बसू नका. टेप काढा. हॉलमध्ये बसा, फोन घेऊन. मी ठेवत नाही."

मी टेप काढली, मास्क घेतला आणि हॉलमध्ये जाऊन बसलो. ती फार काही बोलली नाही. मुलीची शाळा, पाण्याची वेळ, मामाचा गुडघा. सायरन थांबल्यावरही तिने ठेवला नाही. पुढे जितक्या वेळा सायरन झाला तितक्या वेळा मी तिथेच बसलो, आणि दर वेळी तिने पहिल्यांदा धुराबद्दल विचारलं. मी आत जाऊन बघून यायचो आणि जे असेल ते सांगायचो. कधी सरळ, कधी वळलेला. इमारतीच्या त्या बाजूला वारा लागला की पलीकडच्या खोलीत दाब कमी होत असणार. मी तो हिशोब मांडलाही. ज्या दिवशी वारा नव्हता त्या दिवसाला तो लागू पडत नाही.

मे महिना लागला आणि राष्ट्राध्यक्ष एका युद्धनौकेवर उभे राहून म्हणाले की मोठी लढाई संपली. पुढे तेच चित्र टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागायचं. दोघी परत आल्या त्या दिवशीही लागलं होतं. टेपबरोबर भिंतीचा रंग निघाला होता आणि खिडकीभोवती फिकट चौकट राहिली होती. शेजारी अजून यायचे होते.

मी टीव्ही बघत होतो. बायको आंघोळ करून देव्हाऱ्यापाशी गेली, उदबत्ती लावली. बऱ्याच वेळाने तिने आतूनच सांगितलं, आवाज न चढवता, जसं ती दूध उतू जायच्या आधी सांगते:

"अजून वळतोय हो."

मी टीव्ही बंद केला आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.